काढलेलं दाखवा!

आमच्या हॉस्पिटलात कापूस संपतो, हातमोजे संपतात, मे महिन्यात पाणीसुद्धा संपतं. पण किस्से? ते काही संपत नाहीत. एक झाडून बाहेर काढावा, तर दोन नवे आत आलेले असतात, तेही चपला न काढता!

मी रत्नागिरीत एका हाडांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची मावशी आहे. नाव मंदा. शिक्षण चौथी पास. पण तोंड ग्रॅज्युएट आहे, असं आमच्या शमीम सिस्टर म्हणतात. म्हणू देत. खोटं कुठे आहे?

सगळ्यात जास्त किस्से गुडघ्याचे. कारण आमच्याकडे एक रीत आहे. ऑपरेशन झालं की आतून जे काही काढलं असेल ते ट्रेमध्ये ठेवायचं, वर हिरवं फडकं घालायचं आणि बाहेर नातेवाईकांना नेऊन दाखवायचं. हे काम माझं. लोकांना डॉक्टर भेटला नाही तरी चालतं, चहा मिळाला नाही तरी चालतं. पण काढलेलं दिसलंच पाहिजे! त्याशिवाय ऑपरेशन झालं असं कोणी मानतच नाही.

आधीच सांगून ठेवते. ह्या ट्रेंवर मी पुष्कळ हसले, आणि मग एक ट्रे माझ्याच पोरीचा निघाला. माझी प्रज्ञा. कबड्डी खेळते, पोलीस भरतीची तयारी करते, आणि भरतीत पळायला दोन्ही गुडघे धड लागतात. तो ट्रे शेवटी सांगते. आधी बाकीचे.

* * *

केळशीहून एक जोडपं आलं होतं. नवऱ्याच्या नडगीत जुन्या अपघातात बसवलेली लोखंडी पट्टी होती, ती काढली. मी ट्रे घेऊन बाहेर गेले, फडकं उचललं. हातभर लांब पट्टी आणि शेजारी स्क्रूंचा ढीग.

बायको बघतच राहिली. मला वाटलं, आता ही चक्कर येऊन पडते.

"घाबरू नका हो," मी म्हटलं, "निघालं सगळं."

"घाबरत नाय गो," ती म्हणाली. "एवढं लोखंड पायात घालून हा माणूस इतकी वर्षं हिंडलान! आणि मी तांदळाची पिशवी उचला सांगितलं की म्हणायचा, जड लागते!"

पट्टी पदरात बांधून घेऊन गेली. घरात टांगणार म्हणाली. नवऱ्याच्या खाटेसमोर!

* * *

मग आमच्या सरांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, लिगामेंटच्या ऑपरेशनची पद्धत बदलली.

पूर्वी कसं होतं, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं की त्याचा उरलेला खुंट आधी साफ करून टाकायचे. मग मांडीच्या मागून एक शीर काढायची, तिचा दोर वळायचा आणि तो गुडघ्यात नवीन लिगामेंट म्हणून बसवायचा. खुंटाचे तुकडे माझ्या ट्रेमध्ये. नातेवाईक खूश, मीही खूश.

आता सर म्हणाले, खुंट ठेवायचा. नवीन दोर त्याच्याच पोटातून ओवायचा. पण मला कोणी सांगितलंय? ह्या हॉस्पिटलात मावशीला फक्त फरशी पुसायला सांगतात!

दुर्बिणीचं ऑपरेशन चालू होतं. टीव्हीवर गुडघा आतून दिसत होता. कुत्र्याने काथ्याची दोरी चावून टाकली तर कशी दिसेल, तसा तो खुंट. पांढरट, पिंजलेला, पाण्यात हलतोय. आणि सर त्याला हातच लावेनात. उलट जपून त्याच्या बाजूबाजूने जातायत.

मला राहवलं नाही. "सर, ही घाण कशाला ठेवताय आत? काढून टाका की!"

तेवढ्यात हिरव्या पडद्याच्या पलीकडून आवाज आला.

"कोण म्हणालं घाण?"

माझ्या हातातलं भांडंच पडायचं बाकी राहिलं! पेशंट हायस्कुलातले मास्तर होते. इंजेक्शन पाठीत दिलेलं. म्हणजे कमरेखाली बधिर, कमरेवर टक्क जागे! मघापासून मान वळवून टीव्ही बघत होते.

"मावशी," मास्तर म्हणाले, "ती घाण माझी आहे!"

सर हसले, पण हात हलला नाही. म्हणाले, "दोघंही ऐका. ह्या खुंटात रक्त खेळतं. ह्यातल्या नसा, गुडघा वाकलाय की सरळ आहे, ते डोक्याला कळवतात. नवीन दोराला त्यातलं काही येत नाही, तो मुका असतो. जुना जवळ असला तर नवा लवकर रुजेल, अशी आशा. म्हणून ठेवायचा."

मास्तरांनी विचार केला. मग म्हणाले, "कळलं. बदली होऊन आलेल्या मास्तरला शाळेतला जुना शिपाई लागतोच. राहू दे त्याला!"

* * *

पद्धत बदलली, पण रीत कुठे बदलली? रिकाम्या ट्रेवरून पहिलं भांडण झालं त्या दिवशीचं ऐका.

खेडचा एक मुलगा. टेनिस बॉलच्या मॅचेस खेळायचा, बॉलिंग टाकताना गुडघा गेला. ऑपरेशन झकास झालं. खुंट ठेवला, दोर बसवला. बाहेर आई आणि मुंबईहून खास रजा काढून आलेला काका.

"काढलेलं दाखवा," काका म्हणाला.

"काही काढलं नाही," मी म्हटलं.

"काही नाही? मग आत एवढा वेळ करत काय होतात?"

"बसवत होते!"

"ओ मावशी, आमचा गॅरेजवाला पण जुना पार्ट हातात देतो. नवीन टाकला कशावरून?"

मी अशी चिडले! ट्रे त्याच्या डोक्यात घालणार होते, पण ट्रे हॉस्पिटलचा. शेवटी सर बाहेर आले. शांत माणूस. त्यांनी त्या दोघांना आत कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि ऑपरेशनचा व्हिडिओ लावला. हा बघा खुंट, हा बघा नवीन दोर, हा असा आतून घातला.

काकाने हाताची घडी घातली. "हा गुडघा आमच्याच मुलाचा आहे कशावरून?"

गुडघ्यावर काय नाव गोंदवायचं होतं?

तेवढ्यात शेजारी बसलेली आई पुढे झुकली. त्या पिंजलेल्या, विस्कटलेल्या पसाऱ्याकडे तिने नीट बघितलं.

"भावजी, वाद नका घालू," ती म्हणाली. "त्याचाच आहे. त्याची खोली पण अशीच असते."

* * *

पावसच्या बाजूचे एक आंबेवाले आले होते. कातळावरून उतरताना पाय फिरला आणि लिगामेंट तुटलं. सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हा जुना खुंट, हा ठेवायचा. ह्याच्यात हे नवीन जोडायचं.

आंबेवाले खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे कलम!"

"अगदी बरोबर!" सर एवढे खूश झाले की विचारू नका. पहिल्या झटक्यात समजणारा पेशंट!

"खाली रायवळ आंब्याचा खुंट, वर हापूस."

"तसंच समजा!"

"पण डॉक्टर, आता एप्रिल चाललाय."

"मग?"

"ह्या उन्हात कलम कोण बांधतं? सुकून जाईल! हवेत ओल पाहिजे. मी जुलैत येतो." आणि काठी टेकत चालू लागले की हो!

सर त्यांच्या मागे दारापर्यंत. "अहो, आत ऊन नसतं! खुंट दिवसेंदिवस बारीक होत जातो, तुम्ही थांबू नका!" पण ते कसले ऐकतायत? शमीम सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या, "ओल-बिल काही नाही. आंबा उतरायचा चाललाय, बाग सोडून कुठे झोपणार?"

सरांनी गुडघ्याचा पट्टा दिला, व्यायाम सांगितले. आणि खरंच, जुलैत धो धो पावसात गृहस्थ हजर! खुंट बारीक झाला होता, पण होता. ऑपरेशन झालं. आणि मग वॉर्डात सुरुवात. पंखा बंद करा, कलमाला वारा लागतो. खिडकी लावा, ऊन येतं. शेजारचे पेशंट घामाने भिजले. एकाने तर लेखी तक्रार देतो म्हणून सांगितलं.

घरी सोडायच्या दिवशी सरांनी विचारलं, "मग, कसं वाटतंय?"

आंबेवाले गंभीर. "डॉक्टर, पालवी फुटल्याशिवाय कसं सांगणार?"

* * *

आता कोणी म्हणेल, सर नेहमीच ठेवतात. नाही! हे मीच नातेवाईकांना आता सांगते. खुंट चांगला असेल तरच. लांज्याचा एक ड्रायव्हर तुटलेल्या लिगामेंटवर वर्षानुवर्षं गाडी मारत होता, गुडघा सारखा निसटायचा. आत बघितलं तर खुंटाचा गोळा झालेला. तो पुढे येऊन अडकायचा, पाय सरळच होत नव्हता. सर म्हणाले, "हा ठेवला तर त्रासच देईल." चिमट्याने तोडून तुकडे माझ्या ट्रेमध्ये टाकले, बाकीचं मशीनने खेचून घेतलं.

मला बरं वाटलं. किती दिवसांनी ट्रेमध्ये काहीतरी!

ऐटीत बाहेर गेले. ड्रायव्हरचे दोन भाऊ, वहिनी, शेजारी, सगळे उभे राहिले. फडकं उचललं. शेंगदाण्याएवढे चार पांढरे कपटे.

मोठा भाऊ वाकला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एवढंच?"

"एवढंच."

"ह्याच्यासाठी सगळे आलो? हे आमच्या मांजरीला घातलं तर ती पण मला विचारील, बाकीचं कुठेय?"

काढलं नाही तरी बोंब, काढलं तरी बोंब! माणसाने करायचं काय?

* * *

आणि मग प्रज्ञा.

मंडणगडला माझी नणंद असते, प्रज्ञाची आत्या. तिकडे मुलींचे कबड्डीचे सामने होते म्हणून प्रज्ञा गेली होती. येते येते म्हणाली आणि येईचना. शेवटी आली ती एस. टी.च्या पायऱ्या उतरताना दांडा धरून, एक एक पाय खाली टाकत. मी स्टँडवर उभी. हाडांच्या हॉस्पिटलात जन्म गेला माझा, चाल बघून मला कळतं!

"काय झालंय गुडघ्याला?"

"काय नाय गं. चढाईत पकडलंनी, तेव्हा फिरला. आत्याने हाडं बसवणाऱ्याकडून मालीश करून आणलंन."

"मालीश? किती दिवस झाले ह्याला?"

ती पिशवीचा बंद आवळायला लागली, म्हणजे पुष्कळ झाले.

"मला फोन का नाही केलास?"

"तू ओरडशील म्हणून."

"मी? मी ओरडते?"

अख्खा स्टँड वळून बघायला लागला. कंडक्टरने घंटी मारायचीसुद्धा थांबवली!

तिथल्या तिथे नणंदेला फोन लावला. "वन्सं, माझी पोरगी त्या हाडं बसवणाऱ्याकडे कुणी नेलीन?"

"मी नेलीय. चांगला गुण आहे त्याच्या हाताला. आमच्या म्हशीचा पाय बसवलान त्याने!"

"माझी प्रज्ञा म्हैस आहे काय?"

"नाय गो वैनी. म्हशीने तरी त्याचं ऐकलंन! हिने दुसऱ्याच दिवशी पट्टी सोडून टाकलीन!"

मी फोन ठेवला. त्यानंतर वन्संशी बोलणंच टाकलं. आई हाडांच्या हॉस्पिटलात, आणि बाई पोरीला म्हशीच्या डॉक्टरकडे नेते! कुणाला सांगू?

* * *

सरांनी तपासलं. गुडघा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात. लिगामेंट धड असेल तर नडगी जागची हलत नाही. मी हे किती वेळा बघितलंय, चहा पीत बघितलंय! पण प्रज्ञाची नडगी कपाटाच्या खणासारखी सरकन पुढे आली.

"तुटलंय," सर म्हणाले. "आणि वर मालीश, वर चालणं. उशीर झालाय. खुंट शिल्लक आहे की विरघळला, ते आत गेल्यावरच कळेल."

"सर, ठेवा हो," मी म्हटलं. ज्याला मी घाण म्हणाले होते, तेच ठेवा म्हणून हात जोडत होते!

"चांगला असला तर ठेवीन. नसला तर काढीन. ऑपरेशन दोन्ही प्रकारे होतं, मावशी. काढला म्हणजे पोरगी लंगडी राहिली, असं नाही. आणि ठेवला म्हणजे उडायला लागेल, असंही मी लिहून देत नाही. पण हिला पळायचंय, उड्या मारायच्यात. राहिला तर मला आवडेल."

प्रज्ञा इतका वेळ छताकडे बघत होती. "सर, मला भरतीत पळायचंय."

"पळशील. ह्या भरतीत नाही. पुढच्या. तीही तू व्यायाम केलास तर."

ती रडली नाही. मीच खोलीबाहेर जाऊन फरशी पुसायला घेतली. पुसलेलीच होती!

जाताना सर म्हणाले, "मावशी, तिच्या ऑपरेशनला तुम्ही आत यायचं नाही. त्या दिवशी तुम्ही नातेवाईक."

नातेवाईक! इतकी वर्षं ज्यांना मी दारातून हाकललं, "गर्दी करू नका, रडू नका, बाकावर बसा" म्हणून ओरडले, त्यांच्यातली एक!

* * *

तर तो बाक. मी त्याच्यावर पहिल्यांदाच बसले. इतका कडक आहे हे मला माहीत नव्हतं.

प्रज्ञाच्या बापाला मुंबईत रजा मिळाली नाही, तो फोनवर. एका बाजूला वन्सं. मंडणगडहून पहिल्या गाडीने आली होती, भाकऱ्या बांधून. आम्ही बोलत नव्हतो. दुसऱ्या बाजूला आंजर्ल्याचे एक आजोबा. त्यांची बायको दुसऱ्या थिएटरात होती. तिचा झिजलेला गुडघा काढून नवीन बसवायचा होता. आजोबा टोपी मांडीवर ठेवून बसलेले.

शेवटी वन्संलाच राहवलं नाही. "वैनी, काढलेलं दाखवतात ना? बघितल्याशिवाय मी घास नाय घेणार."

"वन्सं," मी म्हटलं, "काढलेलं काही नसू दे, म्हणून बसलेय मी इथे."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्याच डोक्याला मालीशवाला लागणार!

दार उघडलं. शमीम सिस्टर. हातात ट्रे, वर हिरवं फडकं. तोंडाला मास्क, त्यामुळे चेहरा काही कळेना. खाली तुकडे असले की फडकं कसं फुगतं, मला नको का माहीत? पण डोळ्यांत पाणी असलं की सगळीच फडकी फुगलेली दिसतात.

जन्मभर लोकांसमोर फडकं उचललं, आणि माझ्या पोरीचं उचलवेना.

वन्संने उचललं. खसकन.

"अगो बाय माझे!" वन्सं किंचाळली. "कायच नाय! एवढा वेळ आत करत काय होते?"

शमीम सिस्टरनी मास्क खाली घेतला. हसत होत्या. "मावशी, खुंट राहिलाय. बारीक आहे, पण जिवंत आहे. सर म्हणाले, सगळाच्या सगळा ठेवला."

मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण हॉस्पिटलात सगळ्यांना आठवतं. मी तो ट्रे हिसकावून घेतला. छातीशी धरला. त्याचा मुका घेतला. वन्संला मिठी मारली, ट्रेसकट. तिला काही कळलं नव्हतं, तरी तीसुद्धा रडायला लागली. आणि मी त्याच बाकासमोर हंबरडा फोडून रडले, जिथे "रडायचं असेल तर खाली जा" म्हणून मी जगाला दम देत आले!

आंजर्ल्याचे आजोबा सगळं बघत होते.

थोड्या वेळाने दुसऱ्या थिएटरचं दार उघडलं. आजोबांचा ट्रे आला. सिस्टरनी फडकं उचललं. झिजून पिवळे पडलेले हाडांचे तुकडे, चांगले मोठे मोठे.

आजोबा उठले. त्यांनी आपल्या ट्रेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या ट्रेकडे बघितलं. मग फडक्याची चारही टोकं धरून आपल्या ट्रेवर नीट पसरून घातलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "हा परत न्या. आम्हाला पण ह्या बाईंच्यासारखा रिकामा आणून द्या!"